चिठ्ठीवरचं नाव

"नाव चुकलंय. इंजेक्शन देता येणार नाही," नरहर म्हणाले आणि चिठ्ठी काउंटरवरून परत सरकवली.

विश्वेश मुळ्ये त्यांच्याकडे बघतच राहिला. आईचा कॅन्सर हाडांत उतरला होता. आता फक्त कळा थांबवायच्या, असं सांगून हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन लिहून दिलं होतं. ती चिठ्ठी घेऊन तो थेट नरहरांच्या औषधांच्या दुकानात आला होता.

"काका, डॉक्टर से गलती हो गई होगी. अन्नपूर्णाच्या जागी इंदू लिहिलंय. त्यात एवढं काय?"

"त्यातच सगळं आहे. लोक नशेसाठी घेतात हे इंजेक्शन. ज्याच्या नावाची चिठ्ठी, त्यालाच द्यायचं. पलीकडच्या मोहल्ल्यातल्या दुकानाला ताला पडला तो यापायीच ना?" नरहरांनी चिठ्ठी पुन्हा जवळ ओढून वाचली. "तारीख आहे, सही आहे, पत्ता बरोबर आहे, किती द्यायचं तेही लिहिलंय. नाव तेवढं तुझ्या आईचं नाही."

"तुम्ही जन्मभर ओळखता आईला!"

"म्हणून तर अडलंय! परक्याची चिठ्ठी असती तर त्यानं इंदू म्हटलं की माझ्यासाठी इंदू. पण तुझ्या घरात इंदू नावाचं कुणी नाही, हे मला पक्कं माहीत आहे. दुरुस्त करून आण."

"आज शनिवार आहे. डॉक्टर सोमवारी भेटणार. तोवर तिनं काय करायचं? रात्रभर पदर तोंडात धरून पडलेली असते, काका."

एवढं बोलून विश्वेशने तोंड फिरवलं.

नरहर पाटणकर हा माणूस काशीच्या दूधविनायक मोहल्ल्यात औषधांपेक्षा नकारांसाठी जास्त प्रसिद्ध होता. जुनी चिठ्ठी घेऊन आलेल्या सख्ख्या व्याह्यांना त्यांनी रिकाम्या हाती परत पाठवलं होतं, आणि त्या दिवाळीला लेकीच्या सासरहून फराळ आला नव्हता. "दुकान आहे की कचहरी?" असं त्यांची बायको नंदा अधूनमधून विचारायची. औषध हातात देण्याआधी चिठ्ठीवरचं नाव मोठ्यांदा वाचायचं आणि समोरून होकार आल्याशिवाय पुडी सोडायची नाही, ही त्यांची आणखी एक खोड. समोर लहानपणापासूनचा मित्र असला तरी त्याचं नाव वडिलांच्या नावासकट पुकारलं जाई. मान हलवलेली चालत नसे. पोरं गल्लीत त्यांची नक्कल करत. हे सगळं नरहरांना ठाऊक होतं आणि त्यांनी ते कधी मनाला लावून घेतलं नव्हतं. औषध चुकीच्या माणसाच्या पोटात जाता कामा नये, एवढी एकच गोष्ट त्यांनी आयुष्यात धरून ठेवली होती. दुसरं काही मोठं त्यांच्या हातून झालंही नव्हतं.

पण पदर तोंडात धरून पडलेल्या अन्नपूर्णाकाकू त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेनात. त्यांनी शटर अर्धं ओढलं.

"चल. मी येतो घरी," ते म्हणाले.

दार विश्वेशच्या बायकोनं, शरदिनीनं उघडलं. काकू भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडल्या होत्या. चाहूल लागताच त्यांनी मान वळवली.

"नरहर? आणलंस का रे?"

"नाही, काकू. चिठ्ठीवर इंदू लिहिलंय. हे कसं झालं ते विचारायला आलो."

काकू सुनेकडे बघत, काहीशा ओशाळून म्हणाल्या, "चुकलेलं नाही ते. माझंच नाव आहे."

"म्हणजे?" शरदिनीला काही कळेना.

"सागरला, माहेरी, इंदूच होते मी. लग्नात तांदळात अंगठीनं अन्नपूर्णा लिहिलं. काशीची सून, म्हणून सासऱ्यांनी निवडलं ते. चांगलंच आहे नाव. पण त्या दिवसापासून इंदू म्हणून कुणी हाक मारली नाही. मायके में अब कोई बचा भी नहीं." दम लागल्यामुळे त्या थांबल्या. "ती डॉक्टरीण अगदी पोर आहे. तू बाहेर बाकावर होतीस. तिनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, अम्मा, अपना नाम बताइए. माझ्या तोंडून तेच निघालं बघ."

"आई, हे मला कधी सांगितलं नाहीस," दारातून विश्वेश म्हणाला.

"तू विचारलंस कुठे? आई म्हटलं की तुझं काम होत होतं."

काकूंच्या बोलण्यात तक्रार अजिबात नव्हती. विश्वेशने मात्र मान खाली घातली.

"मग सोमवारी बदलून आणू देत याला," नरहर म्हणाले. "राशन कार्डावर, सगळीकडे अन्नपूर्णाच आहे. उद्या इन्स्पेक्टरनं विचारलं तर..."

"नको रे," काकू म्हणाल्या. तेवढ्यात कळ आली. त्यांनी खाटेची कड घट्ट धरली, आणि ती ओसरल्यावर पुन्हा म्हणाल्या, "थोडेच दिवस राहिलेत. तेवढे असू दे की."

नरहर चिठ्ठी हातात धरून उभे राहिले. इन्स्पेक्टर दुकानात येऊन "ये इंदू कौन है?" असं दरडावतोय, हे त्यांना दिसत होतं. त्यांना भीतीही वाटली. कायद्याला चिठ्ठीवर रोग्याचं नाव हवं होतं. पण ते रोग्याला विचारायचं की राशन कार्डाला, हे त्यांनी कुठेच वाचलेलं नव्हतं. आणि रोगी तर समोर होता, स्वतःच्या तोंडानं सांगत होता.

ते दुकानात जाऊन इंजेक्शनची पुडी घेऊन आले. शरदिनीला सुई द्यायला नर्सनं शिकवलं होतं. तिनं हात पुढे केला, पण नरहरांनी पुडी सोडली नाही. ते खाटेजवळ गेले, चष्मा सारखा केला आणि दुकानात वाचत तसं मोठ्यांदा वाचलं, "इंदू मुळ्ये."

काकूंचा चेहरा एकदम उजळला. अंगणातून कुणी हाक मारल्यावर परकरातल्या पोरीनं द्यावी, तशी त्यांनी ओ दिली.

पुडी शरदिनीच्या हातात ठेवून नरहर जिना उतरले.

हा १९९४ चा कार्तिक. पंचगंगा घाटावर बांबूंच्या टोकांना आकाशदिवे लागत होते. चिठ्ठ्या इंदूच्या नावानं येत राहिल्या. पुडी न्यायला विश्वेश येई, तर नरहर त्याच्याबरोबर स्वतःच निघत. "नाव पुकारायचं असतं," एवढंच ते म्हणत, जणू हाही नियमच होता. म्हातारा विरघळला, अशी गल्लीत बोलवा झाली. ती ऐकून एक जण बिनसहीची चिठ्ठी घेऊन आला आणि खाली मान घालून परत गेला.

काकूंचा आवाज पुढे पुढे खोल गेला. शेवटी शेवटी नुसते ओठ हलत. कुणाचं मान हलवणंही न चालवून घेणारे नरहर तेवढ्यावर पुडी सोडत.

पौर्णिमेनंतर काकू गेल्या. मणिकर्णिका घाटावर अग्नी देऊन परतताना विश्वेश नरहरांच्या खांद्याला धरून चालला होता.

दहाव्याला सगळे बालाजी घाटावर जमले. विश्वेश ओल्या धोतरानं पिंडासमोर बसला. गुरुजींनी गोत्र विचारलं, ते त्यानं सांगितलं.

"आणि आईचं नाव?"

विश्वेशने तोंड उघडलं आणि तो थांबला. मागे वळून त्यानं पायरीवर उभ्या असलेल्या नरहरांकडे पाहिलं.

"काका, कोणतं सांगू?"

आयुष्यभर एका चिठ्ठीला एकच नाव मागत आलेल्या त्या माणसानं क्षणभरही विचार केला नाही.

"दोन्ही सांग," नरहर म्हणाले.

"अन्नपूर्णा," विश्वेश म्हणाला. मग जरा मोठ्यांदा, "इंदू."

गुरुजींनी पाणी सोडायची खूण केली. विश्वेशचा हात मात्र हलेना, कारण नरहर सवयीनं, ओ येईल म्हणून कान देऊन उभे होते. दोघंही थोडा वेळ तसेच थांबले. मग विश्वेशने पाणी सोडलं.