उद्यापासून मला

मास्तर शाळेत शिकवायला कधी गेले नाहीत. शिंप्याला मास्तर म्हणतात म्हणून ते मास्तर, आणि त्यांची बायको म्हणून ती मास्तरीणबाई. काजं-बटणं करण्यात तिचा जन्म गेला. दुकान घराच्या पुढच्या खोलीतच होतं, आणि गिऱ्हाईक यायचं ते निम्मं कपड्यांसाठी आणि निम्मं मास्तरांच्या गप्पांसाठी. तोंडात टाचण्या धरून हा माणूस एवढा बोलतो, तर टाचण्या काढल्यावर काय करत असेल, असं लोक म्हणायचे. "जिभेला हाड नाही ते बरंय," मास्तरीणबाई आतून म्हणायची, "असतं तर कधीच झिजलं असतं."

मग आजार आला. आधी बोटं गेली, सुई हातातून पडायला लागली. मग हात, मग पाय, आणि शेवटी जीभ. डोकं मात्र शाबूत राहिलं, कान तिखट राहिले, आणि डोळे फिरत राहिले. "बहुतेकांचे डोळे शेवटपर्यंत राहतात," असं डॉक्टर म्हणाले. त्यातलं 'बहुतेकांचे' तिने कानाआड केलं. माणूस सोयीचं तेवढंच ऐकतो, आणि तिला सोय तरी दुसरी कुठली उरली होती?

नणंदेने चार ठिकाणी शब्द टाकून ते यंत्र मिळवून दिलं. दिसायला घरातल्यासारखाच साधा कॉम्प्युटर, पण पडद्याच्या खाली एक काळी पट्टी आणि तिच्यात डोळे बघणारा कॅमेरा. पडद्यावरच्या ज्या अक्षरावर मास्तरांची नजर थबकेल ते अक्षर उमटायचं. खाली यंत्र आपणहून पुढचे शब्द सुचवायचं, त्यावर नजर थांबली की तो शब्दच्या शब्द उचलला जायचा. आणि प्रत्येक शब्दाला यंत्र तोवरचं सगळं वाक्य मोठ्याने म्हणून दाखवायचं, सपाट पुरुषी आवाजात.

"दूध," असा आवाज यायचा. मग "दूध उतू." मग "दूध उतू जातंय." तोवर दूध ओट्यावरून खाली आलेलं असायचं. मास्तरीणबाई फडकं घेऊन पुसत बसायची आणि हसायची. सुरुवातीला तो आवाज तिला परका वाटला, पण सवय हळूहळू झाली. पुढे तर तिला मास्तरांचा जुना आवाज आठवून बघावा लागायचा, इतका तो नवा आवाज त्यांचा झाला.

यंत्र म्हटलं की ते रुसणारच. पहिल्यांदा पडदा जागच्या जागी गोठला तेव्हा तिने हंबरडाच फोडला. नणंदेला फोन केला. "व्हायरस शिरला असेल गं आत," नणंद म्हणाली. तिच्या मते जगात जे जे बिघडतं त्याच्या मुळाशी व्हायरसच असतो. खालच्या मजल्यावरच्या इस्त्रीवाल्याने मात्र जिन्यातूनच ओरडून सांगितलं, "बंद करा न् पुन्हा चालू करा!" तिने तसं केलं. यंत्र उठलं आणि पहिलंच वाक्य बोललं, "अगं रडू नको, पंखा लाव."

त्या दिवसापासून ती कॉम्प्युटरची डॉक्टरीण झाली. गोठला तर बटण दाबून धरायचं, दिवा विझला की थोडं थांबायचं, मग पुन्हा दाबायचं. गुरगुरायला लागला तर मागची जाळी शिलाई मशीन साफ करायच्या ब्रशने झाडायची, कापसाचा गोळा निघावा तशी धूळ निघायची. आवाज आला नाही तर आधी वायर बघायची, कारण कामवाली बाई झाडू मारते तेव्हा ती हमखास ढिली होते. अक्षरं भलतीकडेच उमटायला लागली तर खिडकीतलं ऊन कॅमेऱ्यावर आलं असं समजून पडदा ओढायचा. दर वेळी दोष यंत्राचाच निघायचा, आणि दर वेळी दुरुस्ती झाली की मास्तर परत यायचे. तिला त्या यंत्राचा राग यायचा नाही. बिघडलेल्या यंत्राला उपाय असतो, एवढं तिला पुरे होतं.

तर परवा सकाळी मास्तरांनी एक वाक्य सुरू केलं. "उद्यापासून," यंत्र म्हणालं. ती त्यांची चादर बदलत होती. "बोला," ती म्हणाली. बऱ्याच वेळाने यंत्र म्हणालं, "उद्यापासून मला." ती थांबली. चादरीची घडी हातात धरून थांबली. पुढचा शब्द आला नाही.

"उद्यापासून मला काय हो?"

तिने बटण दाबून धरलं, यंत्र बंद केलं, चालू केलं. अर्धं वाक्य पडद्यावर तसंच परत आलं, पण पुढे सरकेना. तिने धूळ झाडली. वायरी काढून पुन्हा खोचल्या. खिडकीचा पडदा ओढला, उघडला, पुन्हा ओढला. काळी पट्टी मऊ फडक्याने पुसली, मास्तरांचे डोळेही ओल्या कापसाने पुसले. पलंग पुढे-मागे केला. मास्तरांच्या पापण्या मधूनच लवत होत्या, नजर छताच्या आणि पडद्याच्या मध्ये कुठेतरी होती. "दमलेत," ती स्वतःशीच म्हणाली. दुसऱ्या दिवशीही ते दमलेलेच होते.

त्या अर्ध्या वाक्याने तिचा जीव पोखरला. उद्यापासून मला पलीकडच्या कुशीवर झोपव? उद्यापासून मला खिडकीशी ने? काही हवं होतं माणसाला, आणि ते उद्यापासून हवं होतं, आणि तो उद्या तर येऊन गेलासुद्धा. "शेवटी व्हायरसच," फोनवर नणंद म्हणाली, आणि या वेळी मास्तरीणबाईने तिच्यावर विश्वास ठेवला. व्हायरस असला तर किती बरं.

तिसऱ्या दिवशी तिने कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. पोक्त, टक्कल पडलेला, पाठीवर सॅक. आल्या आल्या त्याने मास्तरांना नमस्कार केला, ते तिला आवडलं.

"एवढं वाक्य पुसू नका हं," ती म्हणाली.

"नाही पुसत, ताई. दुसऱ्या पानावर बघतो."

ती चहा ठेवायला आत गेली. बाहेर त्याची खुडबुड चालली होती. चहाला उकळी आली, तिने आच कमी केली, आणि तेवढ्यात खोलीतून तो आवाज आला.

"चालू."

तिच्या हातातली गाळणी पडली.

"चालू आहे."

"अहो!" ती धावली. दारात तिचा पाय उंबऱ्याला लागला, तरी ती थांबली नाही. "अहो, बोललात! मी म्हणत होते ना, यंत्रच—"

पडद्यासमोर कॉम्प्युटरवाला बसला होता. पलंगावर मास्तर तसेच होते, पडद्याकडे तोंड, नजर तिथेच मधे कुठेतरी. त्यांचे कान तिखट होते. त्यांनीही ऐकलं असणार.

कॉम्प्युटरवाला उठून उभा राहिला. चोरी पकडली जावी तसा त्याचा चेहरा झाला होता. "मी फक्त तपासत होतो, ताई," तो म्हणाला. मग आवाज अगदी खाली आणून, "यंत्राला काही झालेलं नाही."

"असं कसं होईल? तुमचे डोळे धडधाकट आहेत म्हणून चाललं असेल. आजारी माणसाच्या डोळ्यांना बारीक बिघाड लगेच जाणवतो. नीट बघा हो."

"बघितलं."

"मग माझ्यावर बघा. मी म्हातारी आहे, मला मोतीबिंदू आहे. माझ्याने चाललं तर मानेन."

कॉम्प्युटरवाल्याला वाद घालायचा नव्हता. त्याने तिला खुर्चीत बसवलं. पडद्यावर एकेक ठिपका येत गेला, त्याने सांगितलं तसं ती प्रत्येक ठिपक्याकडे बघत गेली. शिवणाऱ्या बाईची नजर, सुईच्या नाकावर जाऊन बसायची सवय असलेली. यंत्राने तिचे डोळे ओळखले. कॉम्प्युटरवाल्याने पान बदललं आणि ते अर्धं वाक्य समोर आलं.

*उद्यापासून मला*

इतके दिवस ती या पडद्याकडे बाजूने, वरून, उभ्याने बघत आली होती. त्यांच्या जागेवरून आज पहिल्यांदाच बघत होती. वाक्याच्या खाली यंत्राने सुचवलेले शब्द होते. नको. पाणी. झोप. पंखा.

"हे शब्द कुठून आले?" तिने विचारलं.

"माणूस जे जास्त वेळा बोलतो ते यंत्र शिकतं, ताई. सगळ्यात जास्त वेळा बोलला ते पहिलं ठेवतं."

पहिला शब्द 'नको' होता. तिने त्याच्याकडे बघितलं. साखर नको, उशी नको, दिवा नको, कुणाला बोलावू नको. किती वेळा म्हणाले असतील? तिने कधी मोजलं नव्हतं. तिला वाटायचं, माणूस पंखा लाव म्हणतो, हसवतो, चिडवतो, म्हणजे माणूस मजेत आहे. ती त्या शब्दाकडे बघत राहिली.

"उद्यापासून मला नको," मास्तरांच्या आवाजात यंत्र म्हणालं.

तिने पलंगाकडे मान वळवली. "अहो, हे मी नाही म्हटलं," ती घाईघाईने म्हणाली. "चुकून झालं. मी नुसती बघत होते. तुम्हाला असं म्हणायचं नव्हतं ना? दुसरंच काहीतरी होतं ना?"

मास्तरांच्या पापण्या लवल्या. त्या आपोआपच लवत होत्या, तीन दिवस लवत होत्या. हो नाही आणि नाहीही नाही.

"पुसतो मी ते," कॉम्प्युटरवाला पुढे झाला.

"हात लावू नका," ती म्हणाली. हेच त्यांचं वाक्य असेल तर? मग तेवढंच त्यांचं शेवटचं, आणि ते तिने पूर्ण केलेलं. हे नसेल, तर त्यांचं खरं वाक्य आता कुणीच पूर्ण करणार नव्हतं. काय पुसायचं आणि काय ठेवायचं, हे सांगू शकणारा एकच माणूस होता आणि तो पलंगावर सगळं ऐकत पडला होता.

ती पुन्हा पडद्याकडे वळली. खाली नवे शब्द येऊन थांबले होते. जिथे नजर जाईल तिथे यंत्र त्यांच्या आवाजात पुढचं बोलणार होतं.

मास्तरीणबाईने डोळे घट्ट मिटून घेतले. स्वयंपाकघरात चहा उतू जात होता, त्याचा वास आला, तरी तिने ते उघडले नाहीत.