न बांधलेल्या गटाराबद्दल जाहीर आभार

लोकशाहीत करदाता हा राजा असतो. फिलिपिन्समधल्या आमच्या सान बार्तोलो महापालिकेत हे वाक्य पितळी अक्षरांत लिहिलेलं आहे, घरपट्टीच्या खिडकीच्या बरोब्बर वर. जानेवारीत त्या खिडकीसमोर राजांची रांग लागते, ती जिना उतरून पार्किंगमधल्या कुत्र्यांपर्यंत जाते. वेळेत भरणाऱ्या राजाला सूट मिळते. खिडकी साडेअकराला जेवायला जाते.

त्या रांगेत दरवर्षी पहिल्या दहांत असते ती आते पुरिंग. आमच्या भाषेत आते म्हणजे थोरली बहीण. सांपागिता रस्त्यावर ती सगळ्यांचीच थोरली बहीण आहे, तिच्याहून वयाने मोठ्या असलेल्यांचीसुद्धा. तिची खानावळ आहे: सहा टेबलं, काचेच्या कपाटात आठ पातेली, आणि चिंचेच्या आंबट रश्शातलं डुकराचं मटण. हा सिनिगांग खायला मनिलाला जाणारे बसवालेसुद्धा वाट वाकडी करून येतात.

खानावळीत एक गिऱ्हाईक नको असलेलं होतं. जरा जोराचा पाऊस झाला की रस्त्यावरचं पाणी थेट आत यायचं आणि टेबलांखाली जाऊन बसायचं. फ्रिज सिमेंटच्या ठोकळ्यांवर चढवलेला होता. माणसं खुर्चीच्या दांडीवर पाय ठेवून जेवायची. शेवटी आतेची मुलगी इलोइसा, जी दुबईत नर्स आहे, तिने मे महिन्यात फोनवरून आईला निकाल देऊन टाकला.

"नानाय, ऑगस्टात गावच्या फिएस्ताला येतेय मी. त्या दिवशी दुकानात पाणी दिसलं तर कुलूप. परतीची तिकिटं दोघींची काढलीत."

"दुबईत मी करू काय?"

"एसीत बसायचं."

"एसीत बसून काय करू?"

या प्रश्नाचं उत्तर नर्सिंगच्या अभ्यासक्रमात नसावं. फोन कट झाला.

आता, सांपागिता रस्त्याला गटार मंजूर नव्हतं असं नाही. लागोपाठ तीन वर्षं ते महापालिकेच्या अंदाजपत्रकात होतं. मी कॉलेजात नागरिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे अंदाजपत्रक वाचणारा मी शहरातला दुसरा माणूस. पहिला ते टाइप करतो. पहिल्या वर्षी त्यात 'गटार' होतं, दुसऱ्या वर्षी 'सुधारित गटार', तिसऱ्या वर्षी 'सुधारित गटाराची सुधारणा'. कागदावर त्याची प्रगती उत्तम चालली होती.

मी रीतसर अर्ज केला. तो योग्य त्या समितीकडे पाठवल्याचं पत्र आलं. योग्य त्या समितीचे अध्यक्ष आमचेच नगरसेवक, रोडेलियो बांतिगे. मी आणि आते त्यांना जाऊन भेटलो. त्यांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला.

"सर, गटार प्रक्रियेत आहे."

"प्रक्रियेत म्हणजे कुठल्या गल्लीत, कोन्स?" आतेने विचारलं. नगरसेवकाला आम्ही कोन्स म्हणतो, रागात असलो तरी.

"हा हा, आते! तुमचा सिनिगांग खायला यायचंय एकदा."

"पावसात या. पाय धुऊन मिळतील."

परत येताना मी पुढच्या अर्जाचा मसुदा मनात जुळवत होतो. आते रस्त्यावरचे फ्लेक्स वाचत होती. आमच्याकडे बसथांब्याला पत्रा ठोकला, झाडाची फांदी छाटली, कोणाची पोर बारावी झाली, की दुसऱ्या दिवशी तिथे नगरसेवकाचा हसरा चेहरा लागतो. पत्रा चेहऱ्याहून लहान असतो.

"सर," आते म्हणाली, "या शहरात फ्लेक्स न लावता कधी काही झालंय?"

"माझ्या माहितीत नाही."

"मग फ्लेक्स लागला म्हणजे काम झालंच की."

मला वाटलं ती चेष्टा करतेय. ती चौकातल्या फ्लेक्सवाल्याच्या दुकानात शिरली. नगरसेवकाचा फोटो लागेल म्हटल्यावर त्याने कॉम्प्युटर वळवला. शहराचे बाराच्या बारा नगरसेवक तयार होते, प्रत्येकाची तीन आकारांतली हास्यं.

"कुठलं देऊ, आते?"

"मोठं दे. गटार आहे."

मजकूर तिनेच सांगितला: 'सांपागिता रस्त्याला नवं गटार दिल्याबद्दल मा. रोडेलियो बांतिगे यांचे मनःपूर्वक आभार. आपले कृतज्ञ घरपट्टी भरणारे.'

"आते, हे खोटं आहे," मी म्हणालो.

"खोटं कसं? अंदाजपत्रकात दिलंय ना? तुम्हीच वाचून दाखवलंत."

"दिलंय ते कागदावर."

"मग आभार काय सोन्यावर मानतेय? फ्लेक्सवरच मानतेय ना? भांडलं की ते कागद देतात, सर. गोड बोलून बघू."

फ्लेक्स लागला. दोन दिवसांनी बांतिगेंची गाडी रस्त्यातून जाता जाता करकचून थांबली. स्वतःचा चेहरा दिसल्यावर न थांबणारा नगरसेवक अजून जन्मायचाय. ते उतरले, फ्लेक्सखाली उभे राहिले, अंगठा वर केला, फोटो काढून घेतला आणि निघून गेले. खाली त्यांनी पाहिलं नाही. संध्याकाळी फेसबुकवर फोटो आला: 'शब्द दिला, शब्द पाळला.' बाराशे लोकांनी बदाम टाकले, त्यात महापौरही होते.

मला धक्काच बसला, आतेला नाही. "इतकी कामं करतात बिचारे," ती म्हणाली, "कुठली केलीत ते कसं लक्षात राहणार?"

तिसऱ्या दिवशी समोरच्या खांबावर दुसरा फ्लेक्स लागला. तो आम्ही लावलेला नव्हता. त्यावर नगरसेविका मारिविक आल्तारेहोस हात जोडून उभ्या होत्या: 'माझ्या सततच्या पाठपुराव्यामुळेच हे गटार!' दोघं एकाच वॉर्डात, त्याच मतांवर जगणारे.

मग पलीकडच्या रोसाल रस्त्यावरची माणसं बघायला आली. त्यांच्याकडेही पाणी तुंबतं. येताना त्यांनी केळीच्या पानातला भाताचा केक आणला होता.

"नशीबवान आहात बुवा. कुठंय गटार?"

"दिसत नाही ना?" आते म्हणाली. "आधुनिक आहे."

रोसालवाले तिथून उठले ते तडक महापालिकेत. सांपागिताला दोन-दोन नगरसेवक मिळून गटार देतात, मग आम्ही काय घरपट्टी भरत नाही? पन्नास सह्यांचा अर्ज होता. विषय सोमवारच्या सभेत आला.

त्या सभेला मी आणि आते प्रेक्षकांत बसलो होतो. पहिला अर्धा तास गटार कोणाचं यावर गेला. बांतिगे म्हणाले, माझ्या समितीने मंजूर केलं. आल्तारेहोसबाई म्हणाल्या, माझ्या पत्रांमुळे तुमची समिती जागी झाली. बांतिगे म्हणाले, तुमची पत्रं आली तेव्हा गटार पूर्ण होत आलं होतं. त्या म्हणाल्या, मग उद्घाटनाला मला का बोलावलं नाही? अखेर उपमहापौर कंटाळले. त्यांनी विचारलं, त्या रस्त्यावरचं कोणी हजर आहे का?

आते उठली. चर्चला जायचा फुलाफुलांचा झगा घातला होता तिने.

"सन्माननीय कोन्स, मी दोघांचीही आभारी आहे. बांधलं कोणी ते देवाला माहीत. माझी एवढीच विनंती, उंदीर शिरू नयेत म्हणून मला झाकणाला जाळी बसवायचीय. झाकण सापडत नाही. कोणीतरी येऊन दाखवा."

उपमहापौरांनी मान वर करून अभियंत्याला शोधलं.

शहर अभियंता मागच्या रांगेत बसला होता. त्याने हातातला कागद दोनदा वाचला आणि अगदी हळू आवाजात सांगितलं की सदर काम अद्याप सुरू झालेलं नाही.

"सुरू झालेलं नाही म्हणजे पूर्ण झालेलं नाही असा अर्थ काढू नये," बांतिगे म्हणाले.

हे वाक्य मी दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहितो. मुलं वहीत उतरवून घेतात.

पण आता दोघांपैकी कोणालाच मागे फिरता येईना. बाराशे बदाम परत कसे करणार? महापौरांचाही होता त्यात. त्याच गुरुवारी रस्त्यावर खोदाईचं यंत्र आलं. सकाळी बांतिगेंचा माणूस देखरेखीला यायचा, दुपारी आल्तारेहोसबाईंचा, आणि दोघंही दुसरा यायच्या आत जास्तीत जास्त काम उरकून घ्यायचे. महापालिकेचं काम इतक्या घाईत झालेलं मी पाहिलं नव्हतं. आते दोघांनाही जेवू घालायची आणि दोघांकडूनही पैसे घ्यायची. फिएस्ताच्या पाच दिवस आधी शेवटचं झाकण बसलं.

इलोइसा आली आणि फिएस्ताच्या मिरवणुकीवर असा पाऊस कोसळला की गावच्या संताच्या, सान बार्तोलोच्या, मूर्तीला प्लास्टिक गुंडाळावं लागलं. इलोइसाने सवयीने खानावळीच्या दारात बूट काढून हातात घेतले. आत आली, टेबलांखाली वाकून पाहिलं, फ्रिजमागे पाहिलं. मग एका खुर्चीवर बसून तिने बूट परत पायात घातले.

"दुसऱ्या तिकिटाचं काय करू आता?"

"बांतिगेला दे," आते रस्सा ढवळत म्हणाली. "तो फोटो काढून घेईल, विमान मीच आणलं म्हणून."

इलोइसा हसली आणि तिने वाटी पुढे केली. आठवडाभराने ती एकटीच दुबईला गेली. आते तिला विमानतळावर सोडायलासुद्धा गेली नाही, कारण त्या दिवशी दुकान भरलेलं होतं.

गटार एकशे ऐंशी मीटर लांब आहे, अंदाजपत्रकात लिहिलं होतं तेवढंच, एक वीतही कमी नाही. पाणी जिथे सोडायचं ती नदी दोनशे वीस मीटरवर आहे. मधल्या चाळीस मीटरांत तीन घरं आहेत, त्यातलं तिसरं माझं. पाऊस लागला की मी आतेच्या खानावळीत जाऊन बसतो.