काउंटरच्या मापाचा ओटा

आमचे मालक, म्हणजे माझे यजमान बसवेश्वरराव, यांचं केजला कापडाचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर, मध्ये एक दार. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलताना या माणसाच्या तोंडात साखर असते. दार ओलांडून घरात आले की मात्र कुणाचं काही ऐकायचं नाही, असा त्यांचा नेमच आहे.

तर झालं असं, की स्वयंपाकघरातल्या ओट्याची कडप्पाची फरशी मधोमध तडकली. मला तेवढी फरशी बदलून हवी होती, बाकी काही नको. मिस्त्रीला निरोप धाडले, तो आज येतो, उद्या येतो करत राहिला. मालकांनी मोबाइलवर चार व्हिडिओ बघितले आणि जेवताना जाहीर केलं की ओटा आपणच करायचा. तोही नुसती फरशी बदलून नव्हे. जुना पुरता फोडून खालून नवा बांधायचा, वर काळा ग्रॅनाइट. सासूबाईंच्या हातातला घास तसाच राहिला. बसूच्या हाताला लहानपणापासून कला आहे म्हणाल्या.

मी म्हटलं, काय करायचं ते करा, पण उंची होती तेवढीच ठेवा. आमच्या घरात दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी लागते आणि ती मी उभ्यानं, ओट्यावर परात ठेवून थापते. हात वरून सरळ खाली पडला तरच भाकरी गोल होते आणि खांद्यावर ताण येत नाही. मागच्या वर्षी माझा उजवा खांदा आखडला होता. वेणी घालायलाही सासूबाईंकडे बसावं लागायचं. तो कसाबसा सुटलाय, म्हणून एवढंच सांगत होते.

"तू निवांत राहा," मालक म्हणाले. हे वाक्य ऐकलं की समजायचं, आता काही खरं नाही.

दोन-तीन दिवसांचं काम म्हणाले होते, त्याचे आठवडे झाले. जिन्याखाली गॅस मांडून मी उकिडवी बसून स्वयंपाक करत होते. ग्रॅनाइट कापायला लागले की पांढरी धूळ तिखटाच्या डब्यापासून देवघरापर्यंत जायची. सकाळी दुकान उघडायच्या आधी हे विटा रचायचे आणि दुपारी जेवायला आले की त्यातल्या निम्म्या काढायचे. एकदा सिमेंट कालवलं आणि साडीचं गिऱ्हाईक आलं म्हणून पुढे गेले. परत येईपर्यंत घमेल्यात दगड झाला होता. तो घमेल्याचा दगड अजून अंगणात पडून आहे, उचलायलाही कुणाला सवड नाही. मी आणखी दोनदा आठवण करून दिली, उंची बघा म्हणून. दोन्ही वेळा मान हलली. ती ऐकल्याची नव्हती, हे मला कळायला हवं होतं.

शेवटी ओटा झाला. खोटं कशाला बोलू, दिसायला देखणा झाला. गल्लीतल्या बायका बघून गेल्या. सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं, दूध उतू घातलं. मी परात घेऊन पुढे झाले, तर परात माझ्या छातीशी आली. शेगडी त्याहून वर. पातेल्यात डोकवायला टाचा उचलाव्या लागल्या.

मी विचारलं, माप कुठलं घेतलं? तर म्हणाले, दुकानातल्या काउंटरचं. इतकी वर्षं त्याच्यापुढे उभा आहे, कधी पाठ दुखली नाही, म्हणून तेच बरोबर. मालक दारातून वाकून येतात एवढे उंच. मी त्यांच्या खांद्याला लागते.

पाटावर उभी राहा म्हणाले. राहिले. गॅसपासून बेसिनकडे जायचं तर पाट पायानं ढकलत न्यायचा, आणि भाकरी तव्यावर टाकताना तो डुगडुगायचा. आठवडाभरात खांदा पुन्हा ठणकायला लागला. रात्री कूस बदलता येईना. मला रडू आलं, आणि रडू आलं याचाच जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी मी परातीत पीठ घेतलं, गरम पाण्याचा तांब्या घेतला आणि मधल्या दारातून सरळ दुकानात गेले. काउंटरवरचे ब्लाउजपीस बाजूला सारले, परात ठेवली आणि पीठ मळायला घेतलं. दुकानात पाटोद्याकडची दोन माणसं, त्यात एक म्हातारी, लग्नाचा बस्ता बघत होती. त्यांनी हातातली साडी खाली ठेवली.

"आगं, लोक बघायलेत," मालक दबक्या आवाजात म्हणाले.

"बघू द्या. तुमीबी बघा. घरात कदी बघितलं न्हाई, हितं तरी बघा."

मी थापायला सुरुवात केली. कोपर खांद्याच्या बरोबरीला आलं. दोन हात मारले आणि खांद्यातून अशी कळ गेली की तोंडातून आवाज निघाला. भाकरीची कड फाटली. तरी मी थापतच राहिले. ती म्हातारी मालकांकडे बघून म्हणाली, "आरं लेकरा, हात मोडंल की तिचा."

मालक काउंटरच्या मागून बाहेर आले. माझ्या शेजारी उभे राहिले. माझ्या खांद्याकडे, परातीकडे, पुन्हा खांद्याकडे बघितलं.

"किती खाली पायजे?" त्यांनी विचारलं.

लग्न झाल्यापासून या माणसानं हजारो बायकांना कापड मापून दिलं असेल. मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला. मी पिठाचा हात कमरेशी लावून दाखवला, हितं.

"म्हंजी पुन्ना फोडावा लागंल," ते म्हणाले. मग चेहरा जरा उजळला. "मिस्त्री कावून बोलवायचा? आता मला येतंय की."

मला ओरडावंसं वाटलं. पण म्हातारी बघत होती, आणि मालक खरोखर माझ्याच उत्तराची वाट बघत होते. मी पदराला हात पुसले आणि कापड मापायची लोखंडी पट्टी त्यांच्या काखेतून काढून घेतली.

"तुमीच करा," मी म्हटलं. "पण पट्टी मी धरणार."

ते हो म्हणाले आणि गिऱ्हाइकांकडे वळले. मी पट्टी परातीत ठेवली आणि परात उचलून घरात आले.