चौदावं पान

"यात गाडी बंद पडते का?" बाबांनी विचारलं.

दुकानातल्या बाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. "नाही हो काका. एकदा सुरू झाली की सुसाट!"

"तसं नव्हे. क्लच घाईनं सोडला, तर आचका देऊन बंद पडते का?"

"छे! यात क्लचच नाही. सगळं आपोआप."

"मग ठेवा तो डबा आत."

हा कॉम्प्युटर गेमचा चौथा डबा. पहिल्यात गाड्या पुलावरून उड्या मारत होत्या. दुसऱ्यात रस्त्यावरच्या माणसाला उडवलं तर गुण मिळत होते. तिसऱ्याला इंडिकेटरच नव्हता. बाबा प्रत्येक डबा हातभर लांब धरत आणि पकडलेल्या पाकीटमाराकडे पाहावं तसं त्यावरच्या चित्राकडे पाहत. मी काउंटरला टेकून उभा होतो. मनात म्हणत होतो, चालू द्या. जितका कडक निवडाल तितकं माझ्या पथ्यावर.

कारण तो गेम खेळण्यासाठी नव्हता. बाबांची परीक्षा घेण्यासाठी होता.

बाबा स्वतः एकतीस वर्षं वाहन परवान्याच्या कचेरीत परीक्षक होते. ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं, मांडीवर गुणांचा तक्ता, खिशाला पेन, आणि माणसाला नापास करायचं. कधी कोणाचा चहा घेतला नाही आणि कधी कोणाची गय केली नाही. "पुढच्या महिन्यात या," एवढंच बोलायचे. गावात त्यांचं नावच 'पुढचा महिना' पडलं होतं. आईला त्यांनी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी नापास केलं. वळताना मागे पाहिलं नाही म्हणून. ती पुन्हा परीक्षेला बसली नाही आणि त्याबद्दल कधी बोललीही नाही.

मला तीनदा नापास केलं. तिसऱ्यांदा मी गाडीतून उतरून सगळ्या रांगेसमोर म्हणालो, "बाबा, मी मागे पाहिलं होतं. शपथ!"

त्यांनी तक्त्यावरून मानसुद्धा वर केली नाही. "मला दिसलं नाही. परीक्षकाला जे दिसत नाही, ते झालेलं नसतं. पुढच्या महिन्यात या."

'या' म्हणाले. पोटच्या पोराला! रांग खो खो हसली. त्याला सव्वीस वर्षं झाली, पण ते हसणं माझ्या कानातून गेलेलं नाही.

आता बाबा शहात्तर वर्षांचे आहेत. आई दोन वर्षांपासून गावाबाहेर, हमरस्त्यावरच्या शुश्रूषागृहात आहे. तिला काही आठवत नाही. मला ती कधी भाऊ समजते, कधी डॉक्टर. बाबांना मात्र बरोबर ओळखायची, कारण बाबा रोज चारच्या ठोक्याला तिथे हजर. चाळीस मिनिटं गाडी चालवायची, तिला दुधात भिजवलेली बिस्किटं भरवायची, आणि पाचला फाटक बंद व्हायच्या आत निघायचं. दोन वर्षांत एक दिवस चुकला नाही. तिथल्या नर्सबाई मला एकदा म्हणाल्या होत्या, "तुमच्या वडिलांचा खाडा नाही ना, म्हणून त्यांची तेवढी ओळख टिकून आहे. आठवडाभर जरी दिसले नाहीत, तरी तीही जाईल बघा."

म्हणजे मला माहीत होतं. माहीत नव्हतं म्हणायची सोयच नाही.

तर झालं असं, की गाडी बाहेर काढताना बाबांनी आमच्या फाटकाच्या खांबाला घासली. वीतभर ओरखडा पडला. मला तेवढं निमित्त पुरलं. "किल्ली द्या आता, बाबा. वय झालं. उद्या कोणाच्या अंगावर गेली तर निस्तरायचं कोणी?" शेजाऱ्यापाजाऱ्यांना मी सांगत सुटलो, काळजी वाटते हो. काळजी कसली डोंबलाची! घरात गाडी एकच, आणि मी मात्र रोज बसला लटकून ऑफिसला जात होतो. आणि शिवाय ती रांग होतीच.

"परीक्षा न घेता मी कोणाला नापास केलेलं नाही," बाबा म्हणाले. "घे परीक्षा."

"तुमच्या शेजारी बसायची माझी छाती नाही. कॉम्प्युटरवर घेऊ. चाक, पेडल, सगळं मिळतं आजकाल."

आमची ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो, काहीतरीच काय! म्हाताऱ्या माणसाला खेळण्यावर बसवता?"

"बसतो की," बाबा म्हणाले. "पण खेळ मी निवडणार. पोरखेळ चालणार नाही."

म्हणून आम्ही त्या दुकानात उभे होतो. बाईंनी शेवटी कंटाळून अगदी खालच्या फळीवरून एक डबा काढला आणि पदराने धूळ पुसली. "हा बघा. कोणी घेत नाही हा. पट्टा लावला नाही तर गाडी सुरूच होत नाही. शेवटी गुणपत्रक येतं. घेतलेले लोक दोन दिवसांत परत आणतात, म्हणतात हा गेम आहे की शिक्षा!"

बाबांचा चेहरा फुलला. "वळताना मागे पाहिलं की नाही, तपासतो?"

"सगळं तपासतो. त्यात चुकलात की थेट नापास."

"हाच. बांधा."

घरी आल्यावर त्यांनी डब्यातली माहितीपुस्तिका उघडली आणि लगेच मिटली. अक्षर मुंगीएवढं. लांबचं त्यांना अजून लख्ख दिसतं, जवळचं नाही. "तू वाच," ते म्हणाले. "नियम समजावून सांगणं हे परीक्षकाचं काम असतं. मी प्रत्येकाला सांगत असे." हे खरं होतं. मलाही तिन्ही वेळा सांगितले होते.

मी वाचायला लागलो. पट्टा, क्लच, गिअर, इंडिकेटर. बाबा डोळे मिटून, बोटांवर मोजत ऐकत होते. तेरा पानं झाली. चौदाव्या पानावर चौकटीत तीनच ओळी होत्या. तुमची मान कॉम्प्युटरला दिसत नाही. वळण्यापूर्वी चाकामागचं छोटं बटण दाबा, म्हणजे पडद्यावर मागचं दृश्य येईल. बटण दाबलं नाही, तर मागे पाहिलं नाही असं धरलं जाईल.

मी ते मनात वाचलं. दोनदा वाचलं. मग पान उलटलं आणि पंधराव्यावरचं दिव्यांचं मोठ्यानं वाचायला लागलो.

शेवटी बाबांनी डोळे उघडले. "मागे पाहण्याबद्दल काही खास लिहिलंय?"

"नाही."

"म्हणजे नेहमीसारखंच," ते म्हणाले आणि समाधानानं उठले.

रविवारी सकाळी दहाला ते इस्त्रीचा शर्ट घालून, घरातच बुटांच्या नाड्या बांधून कॉम्प्युटरसमोर बसले. खुर्ची पुढे घेतली, मागे घेतली. शेजारी स्टुलावर मी. मांडीवर त्यांचाच जुना तक्ता.

काय चालवली गाडी! खोटं का बोलू? चढावर तसूभर मागे सरकली नाही. पडद्यावर एक कुत्रं आडवं आलं, तर ते यायच्या आधीच यांचा पाय ब्रेकवर. आणि प्रत्येक वळणाला त्यांनी मान अशी पूर्ण वळवली, की हनुवटी खांद्याला लागली. मागे आमचा फ्रिज होता. फ्रिजकडे इतकं काळजीनं मी कधी कोणाला पाहताना पाहिलं नाही. सहा वळणं, सहा वेळा फ्रिज. बटण त्यांच्या बोटांपासून इंचभर लांब होतं. नुसतं "बटण" म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी म्हटलं नाही.

पडद्यावर गुणपत्रक आलं. क्लच, पूर्ण गुण. वेग, पूर्ण. अंतर, पूर्ण. मग लाल अक्षरात: वळताना मागे पाहिले नाही, सहा वेळा. नापास.

"मी पाहिलं," बाबा म्हणाले. हा आवाज मी ओळखला. तो त्यांचा नव्हता, माझा होता, रांगेतला.

"परीक्षकाला दिसलं नाही, बाबा," मी म्हणालो. "जे दिसत नाही, ते झालेलं नसतं."

"अहो, मी पाहिलं ना!" ही मधेच म्हणाली. "प्रत्येक वेळी मान वळवली त्यांनी, अगदी..."

"तू गप्प बस."

बाबांनी हात वर केला. "सूनबाई, परीक्षार्थीच्या बाजूनं नातेवाइकांनी बोलायचं नसतं." त्यांनी माझ्या मांडीवरचा तक्ता घेतला, खिशातलं पेन काढलं आणि 'निकाल मान्य' असं लिहून खाली सही केली. तक्त्यावर किल्ली ठेवली. माझ्याकडे पाहत राहिले. काहीतरी राहिलंय, असं.

"पुढच्या महिन्यात या," मी म्हणालो. 'या' म्हणालो.

ते हसले थोडेसे. मला वाटलं होतं फार गोड वाटेल. वाटलंही, दुपारपर्यंत.

सोमवारी मी ऐटीत गाडीनं ऑफिसला गेलो. बाबांनी तीनला टॅक्सी बोलावली. टॅक्सीवाला मागे न पाहता वळला, बाबा त्याला बोलले, त्यानं यांना हमरस्त्यावर मधेच उतरवून दिलं. उन्हातून चालत पोहोचले तोवर सव्वापाच. फाटक बंद. आईला लांबून पाहायलाही मिळालं नाही. गुडघे सुजले ते आठ दिवस उतरले नाहीत. "सोडतोस का रे तिथं?" त्यांनी एकदाच विचारलं. मी म्हणालो, "ऑफिस कोण करणार?" पुन्हा त्यांनी विचारलं नाही. पुढचे तिन्ही रविवार मला कामं होती. काय कामं, आता आठवतही नाहीत.

त्या महिनाभरात त्यांनी कॉम्प्युटरला हात लावला नाही. हिनं सांगून पाहिलं, "बाबा, बसा ना थोडं, सराव होईल." तर म्हणाले, "परीक्षेच्या गाडीवर सराव करायचा नसतो, सूनबाई. लबाडी होते ती." रोज चार वाजता मात्र बूट घालून ओट्यावर बसायचे आणि पाचला आत येऊन काढून ठेवायचे. तेवढा वेळ ही त्यांच्यासमोर जायची नाही.

चौथ्या रविवारी मी त्यांना घेऊन गेलो. दुसऱ्या दिवशी फेरपरीक्षा होती आणि या वेळी मी बटणाचं सांगणार होतो. खरंच सांगणार होतो.

आई खिडकीशी बसली होती. बाबांनी वाटीत बिस्किटं भिजवली, खुर्ची ओढली, चमचा पुढे केला. आईनं तोंड फिरवलं आणि मला विचारलं, "हे कोण?"

बाबांचा चमचा तसाच राहिला.

"अगं, बाबा आहेत," मी म्हणालो. "रोज येतात की!"

"रोज कोणी येत नाही," आई म्हणाली. मग तिची नजर बाबांच्या खिशाच्या पेनावर गेली आणि ती एकदम सावरून बसली. पदर नीट केला. "साहेब, तुम्ही परीक्षेचे ना?"

बाबांनी वाटी खाली ठेवली. "हो."

"मी मागे पाहिलं होतं हो, साहेब. तुम्ही खाली लिहीत होतात तेव्हा. खरंच पाहिलं होतं."

पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं ते! तिनं कधी कोणाजवळ चकार शब्द काढला नव्हता. मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी खिशातलं पेन काढलं. मग म्हणाले, "दिसलं मला."

"म्हणजे?"

"पास."

त्यांनी बिस्किटाच्या पुड्याचा कागद मांडीवर सपाट केला. त्यावर 'पास' लिहिलं, तारीख घातली, सही केली आणि तिच्या हातात दिला. आईनं तो घडी घालून मुठीत धरला. तिचा चेहरा मुलीसारखा झाला होता.

"आमच्या ह्यांना दाखवते घरी गेल्यावर," ती म्हणाली. "फार कडक आहेत हो ते."

"दाखवा," बाबा म्हणाले.

पाचला आम्ही गाडीत येऊन बसलो. मी किल्ली फिरवली, मग पुन्हा बंद केली. "बाबा, उद्या परीक्षा आहे तुमची."

"कशाला आता?" ते म्हणाले. "जायचंय कोणाकडे?"

चौदाव्या पानाचं सांगायला मी तोंड उघडलं. सांगितलं नाही. नर्सबाई फाटक लावायला आल्या होत्या, म्हणून गाडी सुरू केली. रस्त्याला लागण्यापूर्वी मी मान वळवली, पूर्ण, हनुवटी खांद्याला लागेपर्यंत, आणि मागे पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

बाबा त्यांच्या बाजूच्या काचेतून बाहेर बघत होते. त्यांना दिसलं नाही.