पावणेसातचं व्होल्टेज

साहेब, तुम्ही खोटं बोललात. कागदावर, सही करून, गोल शिक्का मारून खोटं बोललात. तुमचं नाव इथं लिहायचं कारण नाही. आज त्या खुर्चीवर तुम्ही आहात, उद्या दुसरा कुणी बसंल आणि तोही तेच लिहून देईल. पण तुमच्या त्या चार ओळींच्या आधी काय काय झालं ते तुम्हाला ऐकावं लागंल. एका ड्रायव्हरनं स्वतःच्या हातावरचा भरवसा घालवला होता. ड्रायव्हरचं दुसरं असतं काय?

बोरगुंडीचा नागनाथ अठ्ठावीस वर्षं बस चालवत होता. बिदर, हुमनाबाद, कलबुर्गी आणि परत. एवढ्या वर्षांत त्याच्या गाडीला एकदाच ओरखडा आला, तोही उभ्या गाडीला, एका म्हशीनं अंग घासलं म्हणून. दोन वर्षांखाली तो रिटायर झाला. त्याचा पोरगा राजपाल पुण्याला नोकरी करतो. त्यानं स्वतःला नवा कंप्युटर घेतला आणि जुना बापाला पाठवून दिला. सोबत लाइट गेल्यावर बॅटरी देणारा यूपीएस, टेबलाला आवळायचं स्टिअरिंग, पायात ठेवायचे ब्रेक-क्लच आणि बस चालवायचा गेम.

गेममधली गावं कुठल्या थंड मुलखातली होती कुणास ठाऊक. नागनाथनं आठवड्याभरात त्यांची नावं बदलून टाकली. चर्चपाशी रस्ता मोडत होता ते मन्नाएखेळीचं वळण. घड्याळाचा मनोरा दिसला की हुमनाबाद आलं. रोज संध्याकाळी सव्वासहाला तो धुतलेला शर्ट घालून खुर्चीवर बसायचा आणि मागं स्टुलावर गुरुशांतप्पा. हा त्याचा कंडक्टर. एकोणीस वर्षं दोघं एकाच गाडीवर होते. गुरुशांतप्पा तोंडानं शिट्टी मारायचा, मग गाडी निघायची. आतून नागनाथची बायको विमलबाई ओरडायची, "घरात हॉर्न मारू नका म्हनून किती डाव सांगू?"

संक्रांत झाली आणि गाडी बिघडली.

चांगली पळणारी बस मध्येच आचके द्यायला लागली. चित्र अडकायचं. नागनाथ स्टिअरिंग फिरवायचा आणि बस दोन श्वासांनंतर वळायची, तोवर खांब आलेला असायचा. पाच मिनिटं असं, मग दहा मिनिटं झकास, मग पुन्हा तेच. महिन्याभरात त्या परदेशी हुमनाबादेत एकही खांब धड राहिला नाही.

"नागण्णा, तू ब्रेक चिटगुप्प्याला दाबलास, गाडी कलबुर्गीला थांबली," गुरुशांतप्पा म्हणाला. "पॅसेंजरला जास्तीचं तिकीट लावू का?"

"मशिनीत कायतरी झालंय."

"मशिनीला काय होतंय? तुझं वय बग."

विमलबाई चहा घेऊन आली. तिनंही भर घातली. "डोळे दाखवा आधी. काल मिठाच्या डब्यात साखर वतलाव."

नागनाथनं डोळे दाखवले. डोळे ठीक निघाले. मग उरले हात. तो जेवताना हाताकडं बघू लागला, पाणी पिताना गिलास हलतो का बघू लागला. एक दिवस विमलबाईला शंभर ग्रॅम जिरं पाहिजे होतं तर हा बाबा मोटारसायकल सोडून ऑटोनं चिटगुप्प्याला गेला. दुसऱ्या आठवड्यातही ऑटोनंच. किल्ली खिळ्याला लटकत राहिली. विमलबाईच्या ते ध्यानात आलं आणि त्या दिवसापासून तिनं वयाचं बोलणं बंद केलं.

राजपालनं फोनवरून इलाज सांगितले. सावल्या बंद करा. झाडं कमी करा. चित्र बारीक करा. नागनाथनं सगळं केलं. रस्त्यावरची झाडं गेली, ढग गेले, शेवटी माणसं पण गेली. उजाड मुलखातून एकटी बस जायची आणि तरी पावणेसातला खांबाला धडकायचीच.

मग कंप्युटरचा डबा चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन तो चिटगुप्प्याला ज्योत्स्नाच्या दुकानात गेला. ज्योत्स्ना खटकचिंचोळीची. बिदरला शिकली आणि बाजारात स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं. पहिल्या वर्षी लोक आत डोकावून विचारायचे, "मेकॅनिक कुठं गेलाय?" ती म्हणायची, "जेवायला गेलाय, तवर मी करते." आता कुणी विचारत नाही.

"जय भीम काका. बसा. काय म्हनतंय हे?"

"आचके द्यायलंय."

तिनं डबा उघडला, तुरीच्या भुशासारखी धूळ फुंकून काढली, पंखा पुसला, आत चिपवरचा सुकलेला मलम बदलला आणि दोन तास गेम चालू ठेवला. बस लोण्यातून सुरी जावी तशी जात होती. नागनाथ खुशीत घरी आला. संध्याकाळी पावणेसातला खांब.

दुसऱ्यांदा तिनं मेमरी बदलून बघितली. दुकानात बस झकास. घरी खांब. तिसऱ्यांदा तिनं दिवसभर डबा ठेवून घेतला आणि चार वाजता फोन केला.

"काका, ह्याला काहीच झालं न्हाई. खरं सांगते."

नागनाथनं खिळ्यावरच्या किल्लीकडं बघितलं. मग म्हणाला, "मग मलाच झालंय बाई. बंद करून ठेव. राजपालला सांगतो, कुनाला तरी देऊन टाक म्हनून."

ज्योत्स्नाला फोन ठेवता येईना. गिऱ्हाईक मशीन बिघडलं म्हणून भांडतं, हे तिला सवयीचं होतं. मशीन चांगलं आहे म्हटल्यावर गिऱ्हाईकाचा आवाज बसतो, हे तिनं पहिल्यांदाच ऐकलं. आणि तिच्या डोक्यात आलं की आपल्याकडं सगळे डबाच आणतात. चादरीत गुंडाळून, उशीला टेकवून डबा येतो. वायरी, यूपीएस, बोर्ड सगळं घरीच राहतं. आपण पेशंट बघतो, त्याचं घर कधी बघत नाही.

"काका, उद्या मीच येते," ती म्हणाली. "सव्वासहाला."

दुसऱ्या दिवशी ती स्कूटरवर आली. डबा, मीटर, पेचकस आणि टॉर्च घेऊन. विमलबाईनं तिला आधी भाकरी खायला लावली. गुरुशांतप्पा स्टुलावर होताच. गेम सुरू झाला. मनोरा दिसला. साडेसहा झाले, बस मजेत चाललेली. पावणेसातला टेबलाखालून "टक्" असा आवाज आला आणि बस आचके द्यायला लागली. नागनाथनं स्टिअरिंगवरचे हात काढून घेतले.

"बगितलंस?"

"उठा. मी चालवते."

ती बसली आणि पहिल्याच वळणावर बस चर्चच्या भिंतीत घातली.

"तू बी?" नागनाथ म्हणाला.

"आता तुमी या अण्णा," तिनं गुरुशांतप्पाला बोलावलं.

"मी कंडक्टर हाव बाई. मला तिकीट फाडायचं कळतंय."

"बसा म्हनते ना."

गुरुशांतप्पानं बस नदीत घातली. नागनाथ इतका हसला की त्याला ठसका लागला. विमलबाईनं त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या. महिन्याभरात ती त्याला असा हसताना पहिल्यांदाच बघत होती. अठ्ठावीस वर्षं ज्यानं दुसऱ्याचा अपघात बघून कधी हसू आणलं नाही, तो आज दोन अपघात बघून पोट धरून बसला होता.

ज्योत्स्नाचं लक्ष मात्र पडद्याच्या कोपऱ्यात होतं. तिथं बॅटरीचं एक बारीक चित्र होतं.

"काका, हे लॅपटॉपला असतंय. डब्याला बॅटरी कामून दाखवायलंय?"

ती टेबलाखाली शिरली. यूपीएसच्या पाठीतून एक बारीक वायर निघून कंप्युटरला गेली होती.

"ही वायर कुनी लावली?"

"मी," नागनाथ म्हणाला. "यूपीएसच्या खोक्यात उरली होती. मागं बगितलं तर एक भोक रिकामं. म्हनलं पोरगं इसरलं. उरलेली वायर तशीच ठेवून मी कधी डेपोच्या भाईर गाडी काढली न्हाई."

ज्योत्स्ना टेबलाखालीच हसत बसली. बाकीचे लोक ही वायर खोक्यातच ठेवतात, पुढं कधी उंदीर ती खातो. हिच्यातून यूपीएस कंप्युटरला सांगतो की आता लाइन नाही, बॅटरीवर आहोत. आणि कंप्युटर शहाणा, तो बॅटरी पुरवायची म्हणून स्वतःचा वेग अर्ध्यावर आणतो. टक् वाजलं की यूपीएस बॅटरीवर जात होता. पुन्हा टक् वाजलं की परत लाइनवर.

"पन लाइट तर हाय की," विमलबाई वर बल्बाकडं बघून म्हणाली.

ज्योत्स्नानं मीटरच्या दोन सळया बोर्डात घातल्या. एकशे अठ्ठावन्न.

"किती पायजे?"

"दोनशे तीस. एवढं कमी झालं की यूपीएस लाइन सोडून बॅटरीवर जातोय."

पूर्वी पिवळा बल्ब होता तेव्हा व्होल्टेज पडलं की तो विझत आल्यासारखा व्हायचा आणि सगळ्या गावाला कळायचं. आताचे पांढरे बल्ब दीडशेवरही तसेच जळतात. थंडीचे दिवस, पंखे बंद. कळणार कसं?

"मावशी, तुमचं मिक्सर सांजच्याला कसं चालतंय?"

"ते म्हातारं झालंय माय. चटणी वाटायला बसलं की नुसतं कण्हतंय." विमलबाई स्वयंपाकघराकडं वळली. "म्हनजी ते बी म्हातारं झालं न्हाई?"

"न्हाई. काका बी न्हाई, मिक्सर बी न्हाई."

ज्योत्स्नानं सेटिंग बदललं. बॅटरीवरही कंप्युटरनं वेग सोडू नये असं करून दिलं. टक् वाजलं, आणि बस पळतच राहिली. नागनाथनं मन्नाएखेळीचं वळण असं घेतलं की गुरुशांतप्पा शिट्टी मारायचं विसरला. दुसरं वळण. तिसरं. नवव्या मिनिटाला पडदा काळा झाला. इतके दिवस कंप्युटर रांगत होता म्हणून बॅटरी पुरत होती. आता तो पळाला आणि बॅटरी संपली.

अंधारलेल्या पडद्यासमोर नागनाथनं दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. "हात बरे हायेत माझे," तो म्हणाला. "आता ह्या व्होल्टेजचं बगू."

ती वायर ज्योत्स्नानं काढली नाही. कंप्युटरमध्ये एक लहानसा प्रोग्राम टाकून दिला. यूपीएस त्याच वायरीतून दर पाव तासाचं व्होल्टेज लिहून ठेवू लागला. आठ दिवसांचा हिशेब एकोणीस पानं झाला. सकाळी अकराला दोनशे एकतीस. संध्याकाळी पावणेसातला एकशे एकसष्ट, एकशे चौपन्न, एकशे एकोणपन्नास. आमच्याकडं ट्रान्सफॉर्मरला टीसी म्हणतात. चाळीस घरांसाठी बसवलेल्या टीसीवर आता एकशे दहा घरं आहेत आणि संक्रांतीपासून संध्याकाळी उसाच्या मोटारी पण त्यावरच चढतात. हे गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

नागनाथनं खिळ्यावरची किल्ली काढली. गुरुशांतप्पाला मागं बसवलं आणि एकोणीस पानं घेऊन वीज ऑफिसला निघाला. फाट्यावरच्या गतिरोधकाशी गुरुशांतप्पा सवयीनं म्हणाला, "हळू, म्हातारी माणसं हायेत गाडीत."

"कोन?"

"मीच की."

ऑफिसात साहेब नव्हते. कारकुनानं अर्ज वाचला. अर्ज कन्नडमध्ये गुरुशांतप्पानं लिहिला होता, अक्षर मोत्यासारखं. कारकुनाला फक्त एक शब्द दिसला.

"गेम? गेम खेळायला करंट पायजे तुमाला?"

"बिलावर लिवलंय का, कशाला वापरायचं ते?" नागनाथनं विचारलं. "बिल मी पूर्ण भरतो. करंट पाऊणच देता."

शेजारच्या टेबलावरची बाई तोंडाला पदर लावून हसली. कारकुनानं शिक्का मारून पोच दिली.

पंधरा दिवसांनी लाइनमन वीरेश गावात आला. सकाळी अकराला. मीटर लावला, दोनशे एकतीस लिहून घेतलं. नागनाथनं त्याला ताक दिलं.

"सांजच्याला ये की रे."

"काका, अकराला जा म्हनून सांगितलंय, अकराला आलो. तुमाला खरं सांगू? सांजच्याला मी बी घरी मिक्सर लावत न्हाई."

आणि मग तुमचं पत्र आलं, साहेब. पाहणी केली. दाब योग्य आढळला. तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

नागनाथनं ते गुरुशांतप्पाकडून दोनदा वाचून घेतलं. चिडला नाही. आता तो सकाळी सहाची ट्रिप काढतो. झाडं परत लावली, ढग आणले, माणसं आणली. तीन आठवडे झाले, एक खांब पडला नाही. पण सकाळी गुरुशांतप्पाची पूजा असते, त्याला येता येत नाही. कंडक्टरशिवाय गाडी काढायची म्हणजे नागनाथला चोरी केल्यासारखं वाटतं. त्याला त्याची संध्याकाळची ट्रिप पाहिजे. ज्योत्स्नानं पानं पुन्हा छापून दिली आहेत, आता सत्तावन्न झाली. ह्या खेपेला अर्जावर नागनाथची एकट्याची सही नाही, एकशे दहा घरांच्या सह्या आहेत. सगळ्यात वर विमलबाईची, मिक्सरच्या वतीनं.

खेळ म्हणून हसलात ना? हसा. त्या खेळानं तुमची लाइन पकडली. तुमच्या मीटरनं नाही पकडली.

तेव्हा हे सांगा. अकरा वाजता पाहणी करा असं वीरेशला कुणी सांगितलं, आणि का? टीसीवर किती घरं आहेत ते तुमच्या वहीत काय लिहिलंय? आणि एका संध्याकाळी पावणेसातला तुम्ही स्वतः बोरगुंडीत येऊन, नागनाथच्या खुर्चीवर बसून मन्नाएखेळीचं वळण घेऊन दाखवणार का? गुरुशांतप्पा शिट्टी मारायला तयार आहे, विमलबाई चहा करणार आहे. तारीख लेखी कळवा. येणार का न्हाई, तेवढं सांगा.