भांड्यातला खडा

मी एक जुनी माइया आहे. हे माझ्या एकटीचं नाव नव्हे, मित्रांनो. आमच्या फिनलंडात फळांचा रस काढायच्या भांड्याला घरोघरी माइयाच म्हणतात, जशी काही आम्ही कुणाची मावशी. तशी मी एक नाही, एकावर एक बसलेली तीन भांडी आहे. तळाच्या भांड्यात पाणी, मधल्यात रस आणि वर भोकाभोकांची टोपली. टोपलीत फळं आणि साखर घालायची. पाणी उकळलं की वाफ वर जाते, फळं फुटतात आणि रस थेंबाथेंबाने मधल्या भांड्यात उतरतो. तिथून रबरी नळी बाहेर येते, तिला चिमटा लावलेला असतो. चिमटा सैल केला की बाटली भरते.

मला वेइक्कोने शहरातून सायकलला बांधून आणलं, आपल्या बायकोसाठी. तिचं नाव साइमी. बाई कामाची, पण लक्ष कायम खिडकीबाहेर. मी कोरडी पडून करपणार हे वेइक्कोने पहिल्याच दिवशी ओळखलं. तो तळ्याकाठी गेला, एक गुळगुळीत करडा खडा घेऊन आला आणि माझ्या तळाच्या भांड्यात टाकला. पाणी उकळत असेतोवर खडा खडखडतो, पाणी संपत आलं की गप्प होतो. "तुझे डोळे बाहेर असले तरी कान घरातच असतात ना," तो म्हणाला.

पहिली दोन-तीन वर्षं फार सुखाची गेली. साइमी पहिल्या बाटलीतला रस परत फळांवर ओतायची, म्हणजे सगळ्या बाटल्यांचा रंग सारखा यायचा. शेजारणी मला मागून न्यायच्या आणि घासूनपुसून परत करायच्या. वेइक्कोचं अक्षर मोत्यासारखं होतं, म्हणून लेबलं त्याच्याकडे. बटाट्याची खळ लावून तो ती आदल्या दिवशीच बाटल्यांवर चिकटवायचा. फळाचं नाव आणि साल. फळं अजून रानात असायची आणि बाटल्या तयार. साइमी त्याला यावरून फार चिडवायची.

मग एका ऑगस्टात दोघं तळ्यातल्या बेटावर ब्लूबेऱ्या तोडायला गेली होती. परतताना जळणाच्या लाकडांनी होडी जड झाली, म्हणून फळांच्या दोन्ही बादल्या तिथेच झाडाखाली ठेवाव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटली, मी वर चढले, पाणी उकळायला लागलं, खडा वाजू लागला. सात वर्षांची इर्या, त्यांची लेक, मांजरीला घेऊन टेबलाखाली बसली होती. वेइक्कोने दारातून तळ्याकडे पाहिलं.

"वारा वाढतोय. संध्याकाळी पडला की जाऊन आणतो," तो म्हणाला.

"चूल पेटली, लेबलं चिकटली," साइमी चुलीत लाकूड सारत म्हणाली. "आता रस काय लेबलातून काढू? वाऱ्याला भिणारा नवरा मिळालाय मला."

वेइक्को हसला. खुंटीवरची टोपी घेतली आणि गेला. साइमीने मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. तिचं ते बोलणं मी ऐकलं, आणि मला वाटत होतं की मी एकटीनेच ऐकलं.

दुपार झाली तेव्हा साइमी काठावर उभी होती. घरात माझं पाणी आटत गेलं. खडा मंदावला, अडखळला आणि थांबला. माझा तळ काळा पडला, तो डाग अजून आहे. होडी पालथी सापडली, वेइक्को तिसऱ्या दिवशी. त्या तीन दिवसांत ब्लूबेऱ्या लाटांबरोबर काठाला लागत होत्या. इर्याने त्या पाण्यातून वेचल्या, फ्रॉकच्या ओच्यात भरून स्वयंपाकघरात आणल्या आणि म्हणाली, "आई, आल्या." साइमी उठून अंगणात गेली. फळं टेबलावरच सुकली.

लेबलं लावलेल्या बारा बाटल्या तळघरात गेल्या, रिकाम्या, बूच लावून. दर ऑगस्टात साइमी त्या वर आणायची, लेबलाला पाण्याचा थेंब लागू न देता आतून धुवायची आणि पुन्हा रिकाम्याच खाली ठेवायची. माझं काम चालू राहिलं. लाल बेऱ्या, काळ्या बेऱ्या, सगळं माझ्यात शिजलं, फक्त ब्लूबेरी पुन्हा कधी नाही. आणि खडा गप्प होताना ऐकणं तिला कधी जमलं नाही. चूल विझवायची वेळ आली की ती अंगणात निघून जायची. मला उतरवायचं काम इर्याचं. लोक म्हणत, बाई चमत्कारिक आहे. मी काय सांगणार? मला खडखडण्यापलीकडे बोलता येत नाही.

इर्या मोठी झाली, शहरात गेली. तिने तिथे विजेवर गुरगुरणारं रसाचं यंत्र घेतलं. आईच्या हातातली ताकद गेली तशी मी फळीवर चढले आणि माझ्यावर धूळ बसली. खरं सांगते, मला तेव्हा फार वाईट वाटलं.

मग एका उन्हाळ्यात इर्या पांढरे केस घेऊन परत आली. साइमीचं डोकं आता धुक्यात गेलं होतं. रोज सकाळी ती विचारायची, वेइक्को आला का फळं घेऊन. डॉक्टरांनी इर्याला सांगितलं होतं की पुढच्या उन्हाळ्यात आई तिला ओळखेलच असं नाही. जे बोलायचं ते आत्ताच बोलायला हवं होतं. इर्या होडी घेऊन एकटी बेटावर गेली, दोन बादल्या भरून आणल्या, मला घासलं आणि नव्या विजेच्या शेगडीवर चढवलं. खडा वाजू लागला. मग ती तळघरातून त्या बारा बाटल्या घेऊन आली.

साइमीने हात आडवा केला. "त्या नाही. त्या त्याच्या आहेत."

"त्याच्याच आहेत, आई. भरायच्या राहिल्यात."

चिमटा सैल झाला आणि गडद जांभळा रस त्या अक्षरांच्या मागे चढत गेला. इर्याने पेल्यात थोडा रस घेऊन विहिरीचं गार पाणी घातलं आणि आईला दिला. साइमी सावकाश प्यायली. तिचे ओठ निळे झाले. आणि कित्येक महिन्यांत बोलली नव्हती इतकं स्वच्छ ती बोलली.

"तो जात नव्हता गं. मी टोचून बोलले, म्हणून गेला."

"मला माहीत आहे. मी टेबलाखाली होते."

साइमीने पेला खाली ठेवला. इर्या तिच्याजवळ बसली. "जाताना तो वाकला होता, आई. मला हळूच म्हणाला, 'आईला सांग, मला राग नाही आला.' मी संध्याकाळी सांगणार होते. मग तू बोलेनाशी झालीस, आणि मला वाटलं, हे न सांगितल्यामुळेच तो बुडाला. नंतर मोठी झाले, तेव्हा इतका उशीर झाला होता की लाज वाटली."

खड्याच्या आवाजात मला ते ऐकूच आलं नव्हतं, मित्रांनो. त्या माणसाचा शेवटचा शब्द माझ्यामुळे बुडाला, हे मला इतक्या वर्षांनी कळलं.

साइमीने लेकीच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला. "एवढंसं पोर तू," ती म्हणाली. इर्या रडली, आणि मग डोळे पुसून शेगडी बंद करायला उठली. सवयीने तिने आईसाठी अंगणाचं दार उघडून धरलं.

"नको," साइमी म्हणाली. "मी बसते."

शेगडी बंद झाली. खडा एकदा वाजला, थांबून पुन्हा एकदा वाजला, आणि मग गप्प झाला. साइमी शेवटपर्यंत ऐकत होती. माझ्यात अजून पाणी होतं.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती राहिली नाही. आता मी पुन्हा फळीवर आहे. तळ्यावरून वारा सुटला की जुनं घर हलतं आणि माझ्या कोरड्या तळात खडा सरकतो. इर्या हातातलं काम थांबवते आणि हलकेच म्हणते, "सांगितलं हं, बाबा."

माझी विनंती एवढीच आहे, मित्रांनो. भांडं चुलीवर असलं तर त्यातलं पाणी बघत जा. आणि घरात कुणी कुणाला टोचून बोललं असेल, तर त्या दिवशी एकदा वाकून टेबलाखालीही बघा.