हात लावू नका, ही गिटार आहे

मी गिटार बोलतेय, आणि जरा मोठ्यानं बोलतेय, कारण बरीच वर्षं मला कुणी तोंडच उघडू दिलं नाही. राहणार शिवाजी पार्क, दुसरा मजला, आणि परवापरवापर्यंत काचेचं कपाट. कपाटात हवा कोरडी ठेवणारं यंत्र आहे, मंद पिवळा दिवा आहे आणि माझ्यासारख्याच आणखी दहाजणी आहेत. कपाटाला कुलूप असतं. किल्ली आमचा मालक विनीत गळ्यात ताईतासारखी घालतो.

माझा जन्म माझगावच्या एका सुताराच्या हातून झाला, पण मी नांदले लालबागला, आनंदाकडे. आनंदा कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा आणि गणपतीत चाळीच्या ऑर्केस्ट्रात मला वाजवायचा. त्याला सगळी मिळून चार गाणी येत होती. पण ती तो इतक्या जोरात वाजवायचा की पाचवं मागायची कुणाची छाती होत नसे. बटाटावडा खाल्लेला हात तसाच माझ्यावर पडे. माझ्या पोटावर त्याच्या अंगठीचे ओरखडे आहेत आणि तेलकट बोटांचा एक काळपट डागही आहे.

त्याची बायको गंगुबाई मला सवत म्हणायची. तरी तिच्या केसांतल्या पिना आणि अडकित्त्यातून उडालेली सुपारी माझ्याच पोटात जाऊन पडायची.

"खंय ठेवलंस गो माझी गिटार?" आनंदा ओरडायचा.

"माळ्यावर आसा. नि वाजवूक बसशीत तर आधी पाणी भरून ठेव!"

मग गिरणी बंद पडली, पुढे आनंदाची बोटं आखडली, आणि मी माळ्यावरच राहिले. आनंदा गेल्यावर त्याच्या मुलानं खोली रिकामी करताना मला खाली काढलं. तिथून विनीतनं मला आणलं.

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मी फुगले होते. विनीत मला 'व्हिंटेज' म्हणाला. मला आधी ती शिवी वाटली, मग कळलं की हा मान आहे. त्यानं माझ्या पोटातली सुपारीसुद्धा काढून प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवली आणि वर 'मूळ ऐवज' असं लिहिलं. सासरी एवढे लाड कुणाचे होतात?

पण वाजवायचं नाव नाही. विनीत मला पांढरे हातमोजे घालून उचलायचा. त्याला एक सूर पूर्ण आणि दुसरा अर्धा येत होता, तोही कॉलेजात शिकलेला. "हिच्या तारा जुन्या आहेत, तुटल्या तर परत मिळायच्या नाहीत," असं म्हणून तो मला परत कपाटात ठेवायचा.

दर महिन्याला त्याचं मंडळ जमायचं. जुन्या गिटारी जमवणारी सातआठ मोठी माणसं. साबुदाणा वडा काट्यानं खायची, बोटांना तेल लागू नये म्हणून. मला टेबलावर निजवायची, भोवती वाकून बघायची, आणि मग कुणीतरी विचारायचं, "पण ही वाजते कशी?" की लगेच मोबाइल निघायचा. माझ्यासारख्याच एका गिटारीचा व्हिडिओ लागायचा आणि सगळे डोळे मिटून माना डोलवायचे. मी समोर पडलेली! स्वतःच्या बारशाला दुसऱ्याचं मूल पाळण्यात घातलेलं बघावं लागावं, तसं व्हायचं मला.

मंडळाचे प्रमुख अजित सर. या वर्षी ते एक बातमी घेऊन आले. लोअर परळच्या एका नव्या हॉटेलला लॉबीत लावायला एक जुनी गिटार हवी होती. काचेच्या पेटीत, मानेला स्क्रू मारून, कायमची. शेवटची पाहणी सर स्वतः करणार होते, दसऱ्याला, कारण त्या दिवशी सगळ्यांना सुट्टी. विनीतनं माझं नाव दिलं. त्याच्यासाठी तो केवढा मोठा मान होता! मला मात्र रडू आलं. मानेत स्क्रू गेल्यावर कसलं वाजणं?

दसऱ्याच्या सकाळी विनीतनं मला पुसून सोफ्यावर ठेवलं आणि तो आंघोळीला गेला. तेव्हा त्याच्या आई झेंडूची टोपली घेऊन पूजा करत फिरत होत्या. स्कूटर झाली, मिक्सर झाला, लॅपटॉप झाला. मग मी दिसले.

"अगं बाई, वाद्य बाहेरच आहे की!" म्हणून त्यांनी मला पाटावर ठेवलं, बोट पाण्यात बुडवलं आणि माझ्या पोटावर हळदकुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं. माझं वॉर्निश जुनं, तडकलेलं. रंग थेट लाकडात उतरला.

विनीत टॉवेल गुंडाळून बाहेर आला आणि किंचाळला. "आई! काय केलंस हे!" ओला कपडा झाला, कापूस झाला. पुसावं तसा डाग पसरत गेला. इतक्यात बेल वाजली आणि अजित सर आत आले. त्यांनी चष्मा लावला, वाकून बघितलं आणि सुस्कारा सोडला.

"हा डाग हॉटेलला चालणार नाही."

"पण सर, तो काळा डाग तुम्हाला आवडला होता."

"तो इतिहास आहे, विनीत. हा डाग आहे."

आनंदाच्या बोटांचा तो इतिहास आणि आईच्या बोटांचा तो डाग! मोठ्यानं हसावंसं वाटलं मला, पण तारा गंजलेल्या.

सर मला बाजूला सरकवायला गेले, तर आईंनी हात आडवा धरला. "पूजेतलं वाद्य असं उचलायचं नाही हं. माझे वडील, अण्णा, पेटीची पूजा झाली की आधी वाजवायचे, मगच उठायचे. तुम्ही एवढे जाणकार, तुम्हीच वाजवा."

सरांनी हात मागे घेतले. "मी... मी वाजवत नाही. मी जतन करतो."

"कसलं?" आईंनी अगदी सरळ मनानं विचारलं. सरांनी आपट्याचं पान घेतलं, श्रीखंड खाल्लं आणि ते निघून गेले.

मग विनीत पाटासमोर बसला. बिचारा रडवेला झाला होता. हातमोजे कुठं होते देव जाणे. त्यानं उघड्या बोटांनी मला जवळ घेतलं आणि त्याला येत होता तो एकुलता एक सूर दाबून हात फिरवला. असा भसाडा आवाज आला की खालच्या मजल्यावरच्या तात्यांनी खिडकी लावून घेतली. एक तार तटकन तुटली. विनीतनं आईकडे बघितलं, आणि पुन्हा वाजवलं.

मला काय वाटलं ते कसं सांगू? पोटातून शहारा गेला. मी जिवंत होते!

आता मी कपाटाबाहेर असते. मला नव्या तारा आहेत, विनीतच्या बोटांना फोड आहेत आणि तात्यांच्या खिडकीला जाड पडदा आहे. विनीतला अडीच सूर येतात. तो वाईट वाजवतो, पण रोज वाजवतो. तुमच्याही घरी कुणी माळ्यावर, कपाटात नाहीतर पलंगाखाली गप्प पडलं असेल, तर बाबांनो, त्याला बाहेर काढा. बेसूर वाजवा, पण वाजवा.

काल दुपारी विनीतनं कपाट उघडलं. माझी शेजारीण होती ती, तिला उचलून पाटावर ठेवलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "आई, हळदकुंकवाचा करंडा कुठं ठेवलायस?"

"दसरा कधीच झाला रे. आता कसली पूजा?"

"असू दे गं. कुंकू जरा ओलंच दे."